कुजबुज्यांचा आवाज

“काका, तुमचं ऐकू येतंय,” दिग्दर्शिका तिसऱ्या रांगेतून म्हणाली.

तालीम थांबली. विंगेत उभ्या असलेल्या कुजबुज्यांनी हातातली संहिता मिटली, चष्मा कपाळावर चढवला आणि ते तरातरा रंगमंचाच्या मधोमध आले. एरवी तालमीतसुद्धा ते कधी उजेडात येत नसत.

“काय ऐकू येतंय?”

“तुमचं प्रॉम्प्टिंग. आधी वाक्य तुमच्याकडून येतं, मग तेच पोस्टमास्तरांकडून येतं. अख्खं नाटक दोनदा चाललंय.”

“अशक्य!” कुजबुजे म्हणाले.

दुसऱ्या कुणाला ‘तुमचं ऐकू येतंय’ म्हटलं तर तो खूश होतो. प्रॉम्प्टरला म्हटलं तर ती शिवी असते. कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हतं; नाट्यमंडळाने दिलेलं नाव होतं, आणि ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं होतं. नोकरी विजेच्या कचेरीत केली ती पोटासाठी. संध्याकाळी मात्र विंगेत उभं राहून त्यांनी हौशी नटांच्या कितीतरी पिढ्यांना विसरलेली वाक्यं पुरवली. नटाला ऐकू जावं आणि त्याच्या शेजारच्या नटाला जाऊ नये, इतकं मोजूनमापून. ‘माझा आवाज ऐकलेला प्रेक्षक अजून जन्मायचाय,’ असं ते म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. निदान एके काळी नव्हतं.

“मला तर काहीच ऐकू येत नाहीये,” पोस्टमास्तर मधेच म्हणाले. “जरा मोठ्याने सांगत जा की हो!”

हे पोस्टमास्तर म्हणजे मंडळाचे कायमचे नायक. टपाल खात्यातून निवृत्त झाले होते, नाटकातून व्हायचं नाव घेत नव्हते. उंची होती, जबडा होता, खर्जातला आवाज होता. पाठांतर तेवढं नव्हतं. कानात येईल ते बोलायचं, आणि असं बोलायचं की ते आत्ताच काळजातून आलंय असं वाटावं, ही त्यांची कला. बोललो त्याचा अर्थ काय होता, याचा विचार ते घरी गेल्यावर करत. आता कानातच काही येत नव्हतं म्हटल्यावर ते वाक्याच्या मधे थांबून विंगेकडे बघत राहायचे, कुजबुजे आवाज चढवायचे, आणि तो आवाज पोस्टमास्तर सोडून सगळ्या जगाला ऐकू जायचा.

“हे बघा,” दिग्दर्शिका म्हणाली. वयाने तरुण होती, शाळेत शिकवायची. दटावणं तिला चांगलं जमायचं. “प्रयोगाला मी एक संधी देते. विंगेतला एक शब्द जरी प्रेक्षकांत आला, तर पुढच्या नाटकापासून समोर स्क्रीन लावणार. त्यावर वाक्यं सरकत जातील. मग विंगेत कुणी लागणार नाही.”

कुजबुजे काही बोलले नाहीत. निघून गेले. म्हणजे त्यांना वाटलं की ते काही बोलले नाहीत. प्रत्यक्षात दारापर्यंत जाताना ते “स्क्रीन लावतेय! काल दुधाचे दात पडले आणि मला शिकवतेय!” असं बोलत गेले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. मनात बोललेलं आणि तोंडाने बोललेलं यांतला फरक त्यांना स्वतःला ऐकू यायचा बंद झाला होता. घरच्यांना हे ठाऊक होतं. कुजबुजे आपल्याबद्दल काय विचार करतात हे त्या घरात कुणालाही विचारावं लागत नसे.

कुजबुज्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांच्या कानांना काही झालेलं नाही, लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत. आणि खरं सांगायचं तर यात त्यांचं सगळंच चुकत नव्हतं. या शहरात म्हाताऱ्या माणसाने कुठे आणि कसं ऐकावं? बँकेत काच. दवाखान्यात काच, त्या काचेला एकच भोक आणि तेही कमरेच्या उंचीवर. हॉटेलात डोक्यावर गाणी. फोन करावा तर यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा म्हणतं, आणि त्याला ‘जरा पुन्हा सांग बाई’ म्हणायची सोय नाही. अर्धं शहर पिकल्या केसांचं झालंय, पण सगळा कारभार कानात इअरफोन घातलेल्या विशीतल्या पोरांसाठी मांडून ठेवलाय. वर म्हाताऱ्यालाच म्हणायचं, कान तपासून घ्या!

ते म्हणणारी त्यांच्या घरातच होती. मुलीचा कान तपासण्याचाच व्यवसाय. मागे एकदा तिने बाबांना खूप गळ घालून आपल्या काचेच्या खोलीत बसवलं होतं. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. कुजबुज्यांनी सगळी बटणं बरोबर दाबली. मुलगी चकित झाली. मग तिच्या ध्यानात आलं की तिने चहाच्या कपाकडे हात नेला तेव्हाही त्यांनी बटण दाबलं होतं. जन्मभर नटाच्या खांद्याकडे बघून तो कधी अडखळणार हे ओळखणारा माणूस; पोरीच्या खांद्याकडे बघून त्यांनी परीक्षा पास केली होती.

त्या दिवशी तालमीहून आल्यावर जेवताना त्यांनी स्क्रीनचा विषय काढला. मुलगी आईला काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या.

“काय झालं?” कुजबुज्यांनी विचारलं.

“काही नाही,” बायको म्हणाली.

हे ‘काही नाही’ ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच त्याची चीड कळेल. समोर दोन माणसं पोट धरून हसतात, तिसरा विचारतो काय झालं, आणि त्याला सांगतात की काही नाही! काही नाही तर हसता कशाला? बायकोचीही बाजू होती, नाही असं नाही. “अहो, गंमत तिसऱ्यांदा ओरडून सांगितली की गंमत राहत नाही,” असं ती म्हणायची, पण हे ती शेजारणीला म्हणायची. नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. तेही ऐकू आलं नाही तर कुजबुजे मान डोलावून “हो, हो” म्हणून टाकायचे, आणि तिथे तो विषय संपायचा.

“मला हसता?” कुजबुजे ताटावरून उठलेच. “ठीक आहे! प्रयोगात माझा एक शब्द, एक शब्द जरी प्रेक्षकांना ऐकू गेला ना, तर मी आपल्या पायांनी चालत तुझ्या त्या काचेच्या पिंजऱ्यात येऊन बसतो!”

“नक्की?” मुलीने बोटाने खूण करून विचारलं.

“नक्की! आणि नाही ऐकू गेला, तर या घरात पुन्हा कानांचं नाव काढायचं नाही.”

मुलगी कामाला लागली. बाबांनी पैज हरावी अशी तिची इच्छा होती, पण विंग सुटली तर हा माणूस दिवसभर घरात बसेल, आणि मग आईचं काय होईल याची तिला जास्त भीती होती. ती दिग्दर्शिकेला भेटली. पोस्टमास्तरांच्या कानात बसेल असं एक बारकं यंत्र तिने आणलं, आणि त्याला बिनतारी जोडलेला एक बोटभर माइक. प्रॉम्प्टरने कॉलरला लावायचा. नुसते ओठ हलवून श्वास सोडला तरी शब्द थेट नायकाच्या कानात.

“मला यंत्र?” पोस्टमास्तर उखडले. “मी काय बहिरा आहे?”

“यंत्र कुठे, वायरलेस आहे हे!” दिग्दर्शिका म्हणाली. “टीव्हीवर बातम्या सांगणारे नाही का घालत?”

पोस्टमास्तरांनी ते कानात घातलं, आरशात दोन्ही बाजूंनी बघितलं आणि दुसऱ्या कानातलं कुठे आहे म्हणून विचारलं.

कुजबुज्यांचं काम अवघड होतं. घरी मुलगी त्यांच्यासमोर बसली. “बाबा, गळ्यावर हात ठेवा. आता बोला. बोटांना थरथर लागते ना? थरथर लागली की तो आवाज. नुसता श्वास सोडून बोला, थरथर लागता कामा नये. ती खरी कुजबुज.”

“मला कुजबुज शिकवतेस? मला?”

“तुम्हालाच,” मुलगी ओरडली.

ते खोलीत जाऊन दार लावून बसले. गळ्यावर हात ठेवून त्यांनी नेहमीसारखं, अगदी हळू, एक वाक्य म्हटलं. बोटांखाली गळा चांगलाच थरथरला. त्यांनी आणखी हळू म्हटलं. तरीही थरथरला. कुजबुज्यांना भीती वाटली. किती प्रयोग असे गेले असतील, कुणी सांगितलं नसेल, असं एकदा त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी ठरवलं की ही सर्दी आहे. पण सराव मात्र चुकवला नाही, आणि प्रयोगापर्यंत त्यांना ते जमलं. गळ्यावर हात, ओठ हलताहेत, आणि बाजूला उभं राहिलं तरी ऐकू येत नाही. बायकोने हे बघितलं आणि तिला घर एकदम मोकळं मोकळं वाटलं.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. मंडळ आता बहुतेक निवृत्तांचंच उरलेलं, त्यामुळे प्रेक्षकही बहुतेक त्याच वयाचे. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष. पाचव्या रांगेत कुजबुज्यांची बायको आणि मुलगी. नाटक एका म्हाताऱ्या कप्तानाचं होतं. जन्म समुद्रावर घालवून तो घरी परततो आणि घरातलं कुणीच त्याला ओळखत नाही. कप्तान अर्थात पोस्टमास्तर. त्याची मुलगी झाल्या होत्या डॉक्टरीणबाई, ज्यांनी इतकी वर्षं लोकांचे दात काढले होते आणि आता हौसेने रंगमंचावर आल्या होत्या.

पहिले दोन अंक असे झाले की दिग्दर्शिकेला रडू यायचं बाकी होतं. पोस्टमास्तर कुठेही अडले नाहीत. विंगेतून हूं की चूं नाही. मध्यंतरात कुजबुजे छाती काढून मेकअपच्या खोलीत आले. जिंकल्यातच जमा होते ते. कुणीतरी त्यांच्या हातात चहा दिला. चहा थंड होता आणि बिनसाखरेचा होता. तेवढ्यात अध्यक्ष आत आले, सगळ्यांना उद्देशून काहीतरी म्हणाले, आणि खोलीत हास्याचा स्फोट झाला. कुजबुजेही हसले. मग त्यांनी अध्यक्षांना विचारलं, “काय झालं?”

अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. “काही नाही हो, जाऊ दे.”

इथेही! जिथे उभं राहून पाय सुजवले, तिथेही काही नाही! कुजबुज्यांच्या डोक्यात सणक गेली. घंटा झाली म्हणून ते विंगेत जाऊन उभे राहिले, संहिता उघडली, गळ्यावर हात ठेवला. पण डोकं अजून मेकअपच्या खोलीतच होतं.

तिसऱ्या अंकात कप्तानाचं मोठं भाषण आहे. पोस्टमास्तर रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला गेले. विंगेतून त्यांची नुसती पाठ आणि कप्तानाची टोपी दिसत होती. “समुद्राने मला सगळं दिलं,” त्यांनी सुरुवात केली, आणि नेहमीसारखे पुढच्या शब्दासाठी थांबले.

“समुद्राने मला सगळं दिलं,” ते पुन्हा म्हणाले, आणि मग कानात आलं. “पण चहात साखर नाही!”

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली.

“आणि थंड!” कप्तान कळवळून म्हणाले. “इतकी वर्षं या लोकांसाठी उभा राहिलो, कधी एक खुर्ची मागितली नाही. आणि हा ढेरपोट्या अध्यक्ष माझ्या खांद्यावर थापट्या मारतो!”

पहिल्या रांगेत अध्यक्षांनी पोट आत घेतलं.

“बाबा,” डॉक्टरीणबाई चाचरत म्हणाल्या, “म्हणजे... जहाजाचे अध्यक्ष का?”

दिग्दर्शिका मागच्या रांगेतून उठली आणि जिन्यावरून धावत विंगेत पोहोचली. तिने कुजबुज्यांसमोर दोन्ही हात हलवले. त्यांच्या दृष्टीने ते मनातल्या मनात चिडत होते, बाकी सगळं सुरळीत चाललं होतं, आणि प्रयोग ऐन रंगात असताना ही मुलगी विंगेत येऊन हातवारे करत होती. त्यांनी शिकल्याप्रमाणे, गळ्याला थरथर न होऊ देता, तिला सुनावलं.

“अंक चालू असताना इथे नाचू नका!” रंगमंचावर कप्तान गर्रकन डॉक्टरीणबाईंकडे वळले. “बाहेर व्हा! आधी बाहेर व्हा!”

डॉक्टरीणबाई मुकाट्याने बाहेर गेल्या. त्यांनी आयुष्यात कितीतरी लोकांना रडवलं होतं, पण स्वतः रडायची वेळ पहिलीच होती.

दिग्दर्शिकेने माइक काढून घ्यायला हात पुढे केला. कुजबुज्यांनी कॉलर घट्ट धरली. ती हतबल झाली आणि तिने बोट आधी स्वतःच्या कानाकडे नेलं, मग त्यांच्या दिशेने केलं. तिला म्हणायचं होतं की तुमचं सगळं त्यांच्या कानात जातंय. पण कानाकडे बोट नेऊन मग आपल्याकडे रोखलेलं बघितल्यावर कुजबुज्यांना जे वाटायचं ते वाटलं. आणि इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. श्वासातून आलं, आवाज अजिबात न होता. आवाज द्यायला रंगमंचावर खर्जातला माणूस उभा होताच.

“बहिरा म्हणता मला?” कप्तानाने प्रेक्षकांवर नजर रोखली. “मी बहिरा नाही! तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता! काचेमागे बसून बोलता, पाठ फिरवून बोलता, चालता चालता बोलता, आणि मला कळलं नाही की माझ्याकडे असे बघता, जसा मी मूर्ख आहे! एकदा विचारलं की कंटाळता. दुसऱ्यांदा विचारलं की ओरडता. तिसऱ्यांदा विचारायची मला लाज वाटते, म्हणून मी नुसता हसतो. तुम्ही हसलात की हसतो. कशाला हसलो ते मला ठाऊक नसतं!”

पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले होते. अर्थाचा विचार घरी जाऊन करायचा त्यांचा नेम त्या क्षणी मोडला होता.

“आणि घरी?” ते खालच्या आवाजात म्हणाले. “घरी बायको. सगळं जग एकीकडे आणि ती एकीकडे. तिला विचारावं, काय झालं? म्हणते, काही नाही. रोज काही नाही! किती वर्षं झाली, माझ्या घरात काहीच झालेलं नाही!”

चौथ्या रांगेतले एक आजोबा काठीवर जोर देऊन उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग त्यांच्यामागची रांग उठली. मग सगळं सभागृह उठलं. ज्यांना ऐकू आलं होतं ते त्यासाठी उठले. ज्यांना आलं नव्हतं ते बाकीचे उठले म्हणून उठले. “बरोबर आहे!” “वा, कप्तान!” असा नुसता गलका झाला. पाचव्या रांगेत एकच बाई खाली बसून राहिली होती. दिग्दर्शिकेने स्वतः धावत जाऊन पडदा पाडला.

टाळ्या इतक्या होत्या की त्या कुजबुज्यांनाही ऐकू आल्या. त्यांनी संहितेत बघितलं. समुद्राच्या भाषणाला लोक उभे राहिले म्हणजे कमालच झाली. आणि आपला एक शब्द कुणाला ऐकू गेला नाही! त्यांनी माइक काढून खिशात टाकला आणि ते विजयी मुद्रेने मेकअपच्या खोलीत गेले.

“मास्तर, हे भाषण मूळ नाटकात होतं?” अध्यक्ष पोट आत धरूनच विचारत होते.

“मला काय माहीत? मी कानात आलं ते म्हटलं,” पोस्टमास्तर रुमालाने डोळे टिपत म्हणाले. “पण साहेब, खरं होतं ते.”

मुलगी आली. तिने बाबांना कोपऱ्यात नेलं आणि कानाशी तोंड लावून चहापासून बायकोपर्यंत सगळं सांगितलं. कुजबुज्यांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला. पण शरण जाणारा माणूस नव्हता तो.

“माझा आवाज कुणाला ऐकू आला?” ते गरजले. “एकाचं नाव सांगा! ऐकला कुणी?”

आवाज खरोखरच कुणी ऐकला नव्हता.

“पैज आवाजाची नव्हती, बाबा,” मुलगी म्हणाली. “शब्दाची होती. तुमचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला.”

“आणि काका,” दिग्दर्शिका त्यांच्यासमोर येऊन, तोंड दिसेल असं उभं राहून, सावकाश म्हणाली, “स्क्रीन नाही लावत मी. विंग तुमचीच. पण कान तपासून या. नाहीतर पुढच्या प्रयोगात पोस्टमास्तर माझ्या दुधाच्या दातांबद्दल बोलतील.”

कुजबुज्यांनी दाराकडे बघितलं. तिथे बायको उभी होती. तिचा चेहरा काही वेगळाच दिसत होता.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“घरी चला,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बायकोला बरोबर घेऊन ते गेले आणि काचेच्या खोलीत बसले. मुलगी या वेळी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. खांदा नाही, भुवई नाही, काही नाही. बराच वेळ कुजबुजे बटणावर अंगठा ठेवून बसून राहिले, आणि बराच वेळ अंगठा हललाच नाही. मग ते बाहेर आले. मुलीने त्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवली आणि सुरू केली.

पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या शर्टाचा आवाज आला. मग घड्याळाचा. ते दचकले. “अगं, ते घड्याळ वाजतं?” ते म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकून आणखी दचकले. “मी... मी एवढ्या मोठ्याने बोलतो?”

“हो,” बायको आणि मुलगी एकदम म्हणाल्या.

“मग आजवर सांगितलं का नाही?”

“सांगितलं होतं,” दोघी पुन्हा एकदम म्हणाल्या.

बायकोने खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली. “आता ऐकू येतंय?”

“येतंय. ओरडू नकोस.”

“ओरडत नाहीये, माझा आवाजच असा झालाय. जाईल हळूहळू.” तिने पर्स मांडीवर ठेवली आणि वर दोन्ही हात ठेवले. “काल सगळ्या गावासमोर म्हणालात, घरात काही झालंच नाही. झालंय. पुष्कळ झालंय. तुमची आरामखुर्ची मी खालच्या मजल्यावरच्या आजोबांना देऊन टाकली.”

“ती दुरुस्तीला गेलीय ना?”

“एवढे दिवस कुठे दुरुस्ती चालते? तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही हो, हो म्हणालात. गच्चीवरच्या तुमच्या कुंड्या वाटून टाकल्या. हो, हो म्हणालात. तुमच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला जायचं नाही असं कळवलं. तेव्हाही हो, हो. आणि माझी धाकटी बहीण येत्या रविवारी राहायला येतेय. कायमची.”

“काय?” कुजबुजे ओरडले.

मुलगी लगबगीने पुढे झाली. “आवाज कमी येतोय का, बाबा?”

“आवाज कमी नाहीये!” ते खुर्चीतून अर्धे उठले होते. “मला न विचारता? माझ्या घरात?”

“दोनदा विचारलं. एकदा हो, हो म्हणालात, आणि दुसऱ्यांदा म्हणालात, छान!”

“पण कशाला? कशाला येतेय ती?”

बायकोने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. तो आवाजही त्यांना स्पष्ट ऐकू आला.

“बोलायला कुणीतरी हवं ना घरात,” ती म्हणाली.

कुजबुजे खाली बसले. संताप तोंडापर्यंत आला होता, पण तो कुणावर काढायचा ते त्यांना सुचेना. घड्याळ वाजत होतं. मग ते काहीतरी म्हणाले. स्वतःचा आवाज कानात एवढा मोठा यायला लागला म्हणून त्यांनी तो खाली आणला, आणखी खाली आणला, इतका की समोर गुडघ्याला गुडघा लागेल अशा अंतरावर बसलेल्या बायकोलाही तो पोहोचला नाही.

“काय म्हणालात?” तिने कान पुढे केला. “ऐकू नाही आलं.”

‘काही नाही’ हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं.

“मी आहे ना, असं म्हणालो,” ते जरा मोठ्याने म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. मुलगी उगीचच वायरी गुंडाळायला लागली.

“ऐकलं,” बायको म्हणाली. “पण ती येणारच. तिकीट काढलंय तिने. आणि रविवारी तिला आणायला स्टेशनवर तुम्ही जायचंय, त्यालाही परवा हो, हो म्हणालात.”